आधी पारख, मग संसार: नव्या लॅपटॉपचे पहिले सात दिवस

नवा लॅपटॉप घरी आला की जुन्या मशीनवरचे फोटो, फायली, टॅलीचा डेटा, मुलांचे गेम असं सगळं त्यात ओतायची घाई होते. हे काम सगळ्यांत शेवटी करायचं. ऑनलाइन खरेदीत बदलून मिळायची मुदत बहुतेक वेळा डिलिव्हरीपासून ७ दिवसांची असते. ती संपली की तुमची गाठ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी पडते, आणि तिथे मिळते ती दुरुस्ती, नवा लॅपटॉप नव्हे. शिवाय आपला सगळा पसारा आत मांडून झाला की बारीकसारीक दोष दिसूनही माणूस ‘जाऊ दे’ म्हणतो. म्हणून सात दिवस तो लॅपटॉप पाहुणा समजायचा. खाली लिहिलंय ते विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपबद्दल.

खोकं उघडताना फोनवर व्हिडिओ चालू ठेवा, मध्ये कुठेही न थांबवता. सुरुवात खोक्यावरच्या लेबलपासून: सिरियल नंबर स्पष्ट वाचता येईल इतक्या जवळून. मग सील, मग आतलं सामान. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या बुडाशी असलेला आणि बिलावरचा सिरियल नंबर एकच हवा. बिलावर तो छापलेला नसेल तर दुकानदाराकडून लिहून, शिक्का मारून घ्या, कारण वॉरंटीचा सगळा व्यवहार याच नंबरावर चालतो. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं कायद्याने बंधनकारक आहे, तेही बघा. दीड वर्ष गोदामात पडलेला माल नवाच म्हणून विकला जातो, पण त्यातली बॅटरी तेवढी वयाने वाढलेली असते.

अडॅप्टर हातात घेऊन त्यावरचे वॅट वाचा. साध्या लॅपटॉपला ४५ किंवा ६५ वॅट, गेमिंगवाल्याला १५० च्या पुढे. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर आणि अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण असते आणि तिच्याजवळ इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या उत्पादकाच्या नावे नोंद आहे ते कळतं. दुकानातून घेतलेल्या लॅपटॉपबरोबर दुसराच अडॅप्टर आलाय अशी शंका असेल तर हा उपाय दोन मिनिटांचा.

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर घाबरू नका. बरेच लॅपटॉप कारखान्यातून निघताना बॅटरी जवळजवळ झोपवून पाठवतात. चार्जर लावल्याशिवाय ते जागे होत नाहीत. चार्जर लावा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग बटण. ‘पहिल्यांदा आठ तास चार्ज करा’ हा सल्ला निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियमला त्याचा काही उपयोग नाही.

चार्जिंग चालू असताना धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर दोष बहुधा लॅपटॉपचा नसून घरच्या अर्थिंगचा असतो. अडॅप्टरमधला विजेचा गोंगाट गाळणारा भाग अगदी थोडा प्रवाह बॉडीकडे गळू देतो. अर्थिंग असेल तर तो तिथून निघून जातो, नसेल तर तुमच्या हातातून जातो. प्रवाह नगण्य असतो, पण तीन पिनचा प्लग दोन पिनच्या एक्स्टेन्शनमध्ये कोंबला असेल तर आधी ते सोडवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

आता सेटअप. देश भारत, कीबोर्ड ‘इंग्लिश इंडिया’. या कीबोर्डवर उजवा ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ उमटतं, एवढ्यासाठीसुद्धा तो निवडावा. पुढे मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं, आणि इथे खरी गोम आहे. आपल्याकडे बरेच दुकानदार ‘सगळं सेट करून देतो’ म्हणून स्वतःच्या किंवा त्याच वेळी बनवलेल्या कुठल्यातरी ईमेलने लॅपटॉप चालू करून देतात. सेवाभाव चांगला, परिणाम वाईट. त्या खात्याला दोन गोष्टी कायमच्या चिकटतात: लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस आणि डिस्कच्या कुलपाची किल्ली.

किल्लीचं नीट समजून घ्या. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरलात की विंडोज ११ बहुधा गुपचूप डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुलूपबंद करणं, चालू करतं. चोराच्या हाती लॅपटॉप गेला तरी डेटा वाचता येऊ नये, हा हेतू. पण बायॉस (लॅपटॉप चालू होताना विंडोजच्याही आधी जागं होणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं, मदरबोर्ड बदलला किंवा बायॉसमध्ये काही फिरवलं गेलं की एक निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. खातं दुकानदाराचं, त्याला पासवर्ड आठवत नाही, मग तुमचा डेटा गेला. कुठलाही तंत्रज्ञ तो काढून देऊ शकत नाही. म्हणून खातं स्वतःचं, रोज वापरातल्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरासह. सेटअप झाला की फोनवरून त्याच खात्यात शिरा, ‘डिव्हायसेस’मध्ये या लॅपटॉपची रिकव्हरी की उघडा आणि तिचे आकडे कागदावर उतरवून बिलाबरोबर ठेवा. स्क्रीनशॉट काढून त्याच लॅपटॉपवर ठेवणं म्हणजे घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेणं.

खात्याबाबत अजून एक बारीक गोष्ट. खात्याने सेटअप केल्यावर तुमचं फोल्डर ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांच्या नावाने बनतं, आणि ते नंतर बदलणं कटकटीचं असतं. हे पाहून काही जण स्थानिक खातं, म्हणजे ईमेलशिवाय फक्त त्या लॅपटॉपपुरतं खातं, उघडून नाव देवनागरीत देतात. तसं करू नका. काही जुनी सॉफ्टवेअर देवनागरी नावाच्या फोल्डरमध्ये अडखळतात.

ऑफिस मात्र लगेच चालू करायचं नाही. बरोबर आलेलं ऑफिस एकदा खात्याशी जोडलं की दुसऱ्या खात्यावर हलवता येत नाही, आणि लॅपटॉप परत करायची वेळ आली तर घोळ वाढतो. सात दिवस जाऊ द्यात, मग जोडा. पण सहा महिने विसरूनही जाऊ नका, त्या फुकट प्रतीला मुदत असते.

पहिल्या दिवशी वेग किंवा बॅटरी यावर मत बनवू नका. आत अपडेट उतरत असतात, फायलींची सूची बनत असते, पंखा घोंघावतो. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून ‘काही शिल्लक नाही’ असं दिसेपर्यंत दोन-तीनदा रिस्टार्ट करा. यात काही जीबी डेटा जातो. फोनच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा अर्ध्या तासात संपेल. त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू ठेवा आणि मोठी अपडेट कुणाच्या तरी ब्रॉडबँडवर उरका. त्यानंतर कंपनीचं स्वतःचं ॲप, म्हणजे लेनोव्होचं व्हँटेज, असूसचं मायअसूस वगैरे, उघडून ड्रायव्हर आणि बायॉस अपडेट करा. बायॉस अपडेट होत असताना चार्जर लावलेला हवा, बॅटरीही निम्म्याहून जास्त भरलेली हवी, आणि पडदा काळा झाला तरी बटणाला हात लावायचा नाही. रिकव्हरी की कागदावर उतरवण्याचं काम याच्या आधी झालेलं असलं पाहिजे.

अपडेट झाली की कागदावर जे विकलं तेच आत आहे का ते बघू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातला ‘परफॉर्मन्स’ भाग म्हणजे या सगळ्या तपासणीचा कणा.

प्रोसेसरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. ‘आय ५’ किंवा ‘रायझन ५’ एवढ्यावर काहीच कळत नाही. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर यू असेल तर कमी विजेचा, एच असेल तर जोरकस. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा: रायझन ५ ७५२०यू मधला २ म्हणजे जुनी झेन २ रचना, ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, आणि ४ असेल तर झेन ४. नावात एका आकड्याचा फरक, कामात पिढ्यांचा. दुकानातल्या पाटीवर ७५३० आणि आत ७५२० निघाला, तर ती ‘छपाईची चूक’ म्हणून सोडून द्यायची बाब नाही.

मेमरीच्या (रॅमच्या) पानावर चार गोष्टी दिसतात. एकूण १६ जीबी असताना वापरण्याजोगी १५ च्या आसपास दिसली तर बिघाड नाही. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपल्यापुरता तुकडा राखून ठेवतं. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावरच डकवलेली आहे, ती बदलता येणार नाही. ‘एसओडीआयएमएम’ असेल तर काढता-घालता येते. ‘स्लॉट्स युज्ड’समोर दोनपैकी एक असं असेल, तर रॅम एकाच वाहिनीवर चालते आहे, म्हणजे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये गेम आणि व्हिडिओ एडिटिंग दोन्ही रेंगाळणार, कारण तिथे ग्राफिक्सलाही हीच रॅम पुरवठा करते. दुसरी पट्टी टाकून हे सुधारतं, पण लॅपटॉप उघडायचं काम परतीची मुदत संपल्यावर, आणि कंपनीच्या वॉरंटीच्या अटी वाचून मगच.

डिस्क ५१२ जीबीची घेतली आणि ४७६ च दिसते, ही फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटी ३७ लाखांच्या आसपास धरतं. तोच न्याय १ टीबीला: ती ९३१ जीबी दिसते. त्यातून विंडोज, रिकव्हरीचा भाग आणि कंपनीचा पसारा वजा जाता, ५१२ च्या डिस्कवर तुमच्या हाती ४०० च्या थोडं वर येतात असं धरून चाला.

लॅपटॉप खरंच कोरा आहे का, हे दोन ठिकाणी पकडता येतं. दुकानात डेमोला लावलेला किंवा एकाने परत केलेला लॅपटॉप पुन्हा सील करून विकला जाण्याची शक्यता असते, आणि बाहेरून पुसून घेतला तरी आतल्या नोंदी सहसा राहतात. पहिलं ठिकाण डिस्क. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की डिस्क किती तास चालली, किती वेळा चालू झाली, किती जीबी लिहिलं गेलं ते दिसतं. सेटअप आणि अपडेट धरून दहा-वीस तास आणि काही डझन जीबी ठीक. शेकडो तास दिसले तर तो लॅपटॉप कोणीतरी वापरलेला आहे.

दुसरं ठिकाण बॅटरी. स्टार्टवर उजवं क्लिक करून टर्मिनल उघडा आणि पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी ही अक्षरं सलग टाइप करा, एक जागा सोडून तिरपी रेघ, आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ एका शब्दात, अर्थात इंग्रजीत. एंटर दाबल्यावर एक अहवाल तयार होतो. तो कुठे ठेवला तेही तिथेच लिहून येतं. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ (मुळात ठरलेली क्षमता) आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ (आत्ता प्रत्यक्षात मावते ती) असे दोन आकडे मिलिवॉट-तासांत असतात. नव्या बॅटरीत दोन्ही जवळजवळ सारखे, दुसरा कधी कधी थोडा जास्तही. दुसरा पहिल्याच्या ९० टक्क्यांखाली असेल तर दोन-तीनदा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज करून पुन्हा बघा. तरी तेच असेल तर तक्रार करा. ‘सायकल काउंट’ (बॅटरीची चार्ज-डिस्चार्जची आवर्तनं) एक आकडी हवा, मात्र काही कंपन्यांचं फर्मवेअर हा आकडा देतच नाही आणि तिथे नुसती आडवी रेघ दिसते. याच अहवालात खाली वापराच्या तारखा असतात. तुम्ही खोकं उघडण्याआधीच्या तारखा तिथे दिसल्या तर कारखान्यातली चाचणी की दुकानातला डेमो, हे तासांवरून ठरवा.

विंडोज अस्सल आहे का? सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ उघडा; डिजिटल लायसन्सने चालू असल्याचं दिसलं पाहिजे. विंडोजऐवजी डॉस किंवा उबंटू असलेला स्वस्त लॅपटॉप घेऊन दुकानदाराने ‘विंडोज फुकट टाकून दिलं’ असेल, तर ते बहुतेक वेळा चोरीचं असतं. टर्मिनलमध्ये एस-एल-एम-जी-आर, जागा, तिरपी रेघ, एक्स-पी-आर असं टाकलं की मुदत दिसते. अस्सल प्रत कायमची चालू असल्याचं सांगते. सहा महिन्यांच्या आतली एखादी तारीख दिसली तर ते क्लृप्तीने चालू केलेलं आहे.

पडद्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. डेस्कटॉपची पार्श्वभूमी एकरंगी करा, टास्कबार लपवा आणि लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पाच रंग एकेक करून लावून नीट बघा. सगळ्या रंगांत काळाच राहणारा ठिपका मेलेला, एकाच रंगात अडकलेला असेल तर तो कधी कधी सुटतो. एखाद्या ठिपक्यावर कंपनी पडदा बदलून देईलच असं नाही, विक्रेत्याची सात दिवसांची मुदत मात्र तिथे कामी येते. काळ्या रंगाची चाचणी रात्री, दिवे मालवून करा. कोपऱ्यात पांढुरका उजेड दिसला तर डोकं हलवून बघा: कोन बदलला की तो हलत असेल तर तो आयपीएस प्रकारच्या पडद्याचा स्वभाव आहे, जागचा हलत नसेल तर मागचा प्रकाश गळतोय. रंग फिके वाटले तर तक्रारीआधी तपशिलाचं पान वाचा. तिथे ‘४५ टक्के एनटीएससी’ (पडदा किती रंग दाखवू शकतो याचं माप) लिहिलेलं असेल तर पडदा तसाच येणार होता. पडदा १४४ हर्ट्झचा घेतला असेल तर ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये तेवढाच लावलाय का बघा, कारण बॅटरीवर तो अनेकदा आपणहून ६० वर येतो.

बाकीचं पटापट. नोटपॅडमध्ये प्रत्येक कळ दाबा, टचपॅडचे चारही कोपरे क्लिक करा. कॅमेरा काळा दिसला तर आधी त्यावरचं सरकतं झाकण आणि कीबोर्डवरची कॅमेऱ्याची कळ बघा. साउंड रेकॉर्डरवर दोन वाक्यं बोलून ऐका. प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह, एचडीएमआयला टीव्ही, जॅकला इअरफोन. टाइप-सी दोन असतील तर दोन्ही चार्ज करतात असं गृहीत धरू नका. वायफाय राउटरशेजारी आणि दोन भिंतींपलीकडे, दोन्हीकडे तपासा. बिजागरी उघडताना कुरकुरत असेल किंवा पडद्याची चौकट कोपऱ्यात उचकटत असेल तर दुर्लक्ष करू नका. पुढे तीच जागा आधी तुटते.

उष्णतेची चाचणी अर्ध्या तासाची. चार्जर लावून, टेबलावर ठेवून, एखादा जड गेम किंवा मोठ्या व्हिडिओचं रूपांतर चालवा आणि ‘एचडब्ल्यूइन्फो’ या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा. ९० ते ९५ अंश बघून छातीत धस्स होतं, पण इंटेलच्या बऱ्याच चिपची मर्यादा १०० अंश असते आणि त्या वेग कमी करून तिथेच टिकून राहतात. दोष म्हणायचा तो लॅपटॉप अचानक बंद पडणं, पंख्याचा घासल्यासारखा आवाज, किंवा नुसत्या ब्राउझरवर सतत ९०. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांची असते, तेव्हा ही चाचणी पहाटे करा, नाहीतर निकाल हवामानाचा यायचा.

दोष सापडला तर त्याच दिवशी ॲपवरून किंवा ईमेलने, लेखी, फोटो आणि व्हिडिओसह कळवा. ‘दोन दिवस वापरून बघा’ असं फोनवर कोणी सांगितलं तर मुदत तेवढ्याने पुढे जात नाही, हे लक्षात ठेवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. परत देताना ‘रिसेट धिस पीसी’ करून सगळं पुसा आणि मायक्रोसॉफ्ट खात्यातून तो लॅपटॉप काढून टाका.

सगळं ठीक निघालं तर आता संसार मांडा. चाचणी मुदतीचा अँटीव्हायरस काढून टाका, तो गेला की विंडोजचा डिफेंडर आपणहून चालू होतो आणि घरगुती वापराला पुरतो. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचा ऑनलाइन साठा) डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्याकडे ओढून घेतो. फुकट जागा ५ जीबीच, ती भरली की तगादा सुरू. नको असेल तर फायली ओतण्याआधीच त्याच्या सेटिंगमध्ये बॅकअप बंद करा. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच राहणार असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा. सतत १०० वर आणि गरम राहिलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते.

मराठी टंकलेखनासाठी ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये मराठी जोडा. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ विंडोज असतं, त्यात पडद्यावरची भाषा बदलता येत नाही. कीबोर्ड मात्र हवे तितके जोडता येतात. इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही आहेत, विंडोज आणि स्पेस दाबून अदलाबदल. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र अडला की लोक गूगलवरून शब्द चिकटवतात, इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी, मग तिरपी रेघ, की ‘ऱ्य’ तयार.

शेवटी १६ किंवा ३२ जीबीचा एक पेनड्राइव्ह घेऊन, विंडोज बिघडलं तर पुन्हा टाकता यावं म्हणून, ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ बनवा. त्यावर आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामा घ्या, आणि झाला की बिल व त्या ४८ आकड्यांच्या कागदाबरोबर ठेवा. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकून वॉरंटीची सुरुवात बिलाच्या तारखेपासून दाखवते का तेही याच वेळी बघा. दुकानातल्या मालाची वॉरंटी कधी कधी वितरकाकडून निघाल्याच्या तारखेपासून मोजलेली असते, आणि बिलाची प्रत पाठवली की ती दुरुस्त होते.